‘त्यांच्या घरात कॅन्सर आहे’

आमच्या जालना जिल्ह्यात सोयरीक मोडायला फार बोलावं लागत नाही. शेती, नोकरी, देणंघेणं या कारणांवर भांडण होऊ शकतं, म्हणून ती कारणं सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. मध्यस्थाकडून निरोप येतो, “बाकी सगळं चांगलं आहे हो, पण त्यांच्या घरात कॅन्सर आहे म्हणे.” विषय संपला. या वाक्यावर वाद घालता येत नाही, कारण वाद घातला की ते आणखी चार घरांत पोचतं.

वाक्याची रचनाही बघा. कॅन्सर अमक्याला झाला, असं कुणी म्हणत नाही. तो ‘घरात’ असतो. जसं घरावर कर्ज असतं किंवा घरात भानामती असते म्हणतात, तसा. आजार एका माणसाच्या एका अवयवात झालेला असतो, पण नाव लागतं सगळ्या घराला, आणि त्यातही लग्नाच्या वयाच्या पोरीला आधी.

माझ्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा ‘बरा होईल का’ हे त्यांनी नंतर विचारलं. आधी म्हणाले, “पोरीचं लग्न होईस्तोवर हे बाहेर जाऊ देऊ नका.” गावात मुतखडा झालाय असं सांगितलं गेलं. छत्रपती संभाजीनगरला तपासणीला जायचं, तर कापसाचे पैसे आणायला चाललोय म्हणून निघायचं. दोन स्थळं येऊन गेली, त्या पाहुण्यांच्या तारखा सांभाळताना बायोप्सीची तारीख दोनदा पुढं गेली. ज्या आजारात वेळेला किंमत असते, त्यात आम्ही वेळ लपवाछपवीवर घालवत होतो.

म्हणून मला हा प्रश्न नीट विचारावासा वाटतो: कॅन्सर झाला तर दोष कुणाचा?

आपल्याकडं याची तीन उत्तरं मिळतात. आजीच्या पिढीचं उत्तर कर्माचं, मागल्या जन्मीचे भोग. त्याच्या खालोखाल रक्ताचं, म्हणजे ‘खानदानीच आहे ते’. तिसरं उत्तर शिकलेल्यांचं. ते म्हणतात, “जेनेटिक असतं.” पहिली दोन उत्तरं आपल्याला मागास वाटतात आणि तिसरं विज्ञान वाटतं. पण बैठकीत तिसरं उत्तर वापरलं जातं ते दुसऱ्याच्याच जागी. रक्त म्हणायच्या ऐवजी जनुक म्हणायचं, एवढाच फरक. तेव्हा एका जनुकावरच खटला चालवून बघू. माझ्या काकांच्या आजाराशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तेच घेऊ.

त्याचं नाव टीएमपीआरएसएस-२. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. या जनुकावरून शरीर एक कात्री बनवतं. प्रथिनं कापणाऱ्या अशा कात्र्यांना प्रोटीएज म्हणतात. माणसाच्या जनुकांत अशा कात्र्यांचे पाचशेहून जास्त आराखडे आहेत. जेवण पचतं, रक्त गोठतं, जखम भरते, या सगळ्यात त्यांचा हात असतो. आपली ही कात्री फुप्फुसांच्या, आतड्यांच्या आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशींवर असते. उंदरांमधून हे जनुक काढून टाकलं तरी उंदीर धडधाकट वाढले, त्यांना पिल्लंही झाली. म्हणजे घरातला हा सदस्य फार बोलत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

पहिला आरोप २०२० मधला. कोरोनाच्या विषाणूवर काटे असतात हे तेव्हा लहान पोरांनाही पाठ झालं होतं. पेशीत शिरण्यासाठी त्या काट्याला एका ठिकाणी काप द्यावा लागतो. विषाणूकडं स्वतःची ती कात्री नसते. तो आपली वापरतो, आणि अनेकदा ती हीच असते. फ्लूचे काही विषाणूही हिच्यावरच अवलंबून असतात. ज्या उंदरांत हे जनुक नव्हतं, त्यांना तसा फ्लू फारसं काही करू शकला नाही. मग कात्री चोरांना सामील होती का? दाराशी ठेवलेल्या आपल्याच पहारीनं कुणी आपलं कुलूप तोडलं, तर पोलिस पहारीला बेड्या घालत नाहीत.

दुसरा आरोप जास्त गंभीर आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नैयन यांच्या गटानं दाखवलं की प्रोस्टेटच्या अनेक कॅन्सरमध्ये हे जनुक तुटून ईआरजी नावाच्या दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलेलं असतं. दोघं एकाच गुणसूत्रावर, एकविसाव्या, साधारण तीस लाख अक्षरांच्या अंतरावर राहतात. युरोपीय वंशाच्या रुग्णांमध्ये जवळपास निम्म्या गाठींत ही जोडणी सापडते, आशियाई रुग्णांत कमी.

पण जोडलं काय जातं, ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक जनुकाला चालू-बंद करायचं एक बटण असतं. या कात्रीचं बटण पुरुषी संप्रेरकावर चालतं. जोडणीत बहुतेक वेळा कात्रीचं पातं येतच नाही, येतं फक्त बटण. शेतात तारांचा घोळ होऊन आपल्या दिव्याचं बटण शेजारच्या मोटारीला जोडलं गेलं, तर आपण दिवा लावायला जाऊ आणि मोटार सुरू होऊन पाणी नको तिथं जाईल. ईआरजीचं तसंच होतं. एरवी प्रोस्टेटच्या पेशीत ते शांत असतं, या जोडणीनंतर संप्रेरक मिळालं की जोरात चालू होतं आणि पेशीला बिघडवायला हातभार लावतं. इथं दोष बटणाचा म्हणायचा, दिव्याचा की मोटारीचा? तिघांनाही काही ठरवता येत नाही. आणि सोयरिकीच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की ही तोडजोड जन्मतः आलेली नसते. ती त्या माणसाच्या हयातीत, त्याच्या प्रोस्टेटच्या एखाद्या पेशीत होते. बापाच्या गाठीतली ही जोडणी मुलीच्या रक्तात उतरत नाही.

आता समजा, कात्र्यांना सरसकट शिक्षाच केली तर? हा प्रयोग होऊन गेला आहे. बेडूकमाशाची शेपूट गळते ती कशी, हे शोधताना १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना एक कात्री सापडली होती. तिच्या भावकीतल्या काही कात्र्या कॅन्सरला आजूबाजूच्या उती कापून वाट करून देतात असं पुढं दिसलं. मग नव्वदच्या दशकात त्या सगळ्यांना एकदम अडवणारी औषधं मोठ्या आशेनं रुग्णांना देऊन पाहिली. ती अपयशी ठरली. सांधे आणि स्नायू दुखायला लागले, आयुष्य काही वाढलं नाही. २००३ मध्ये तर उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की या भावकीतली एक कात्री काढून टाकली, तर नरांमध्ये त्वचेच्या गाठी जास्त होतात. म्हणजे ती राखण करत होती. सगळ्या घराला एकच नाव लावून शिक्षा केली, की त्यात घर राखणाराही मारला जातो.

कात्रीची अशी दुसऱ्यांदा विचार करायला लावणारी गोष्ट जालनेकरांच्या अगदी जवळ आहे, फक्त आपण ती तशी बघत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, आणि तिनं मोन्सॅन्टोबरोबर आणलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बीटीचं मूळ प्रथिन पूर्ण विषारी नसतं. बोंडअळीच्या पोटातल्या कात्र्या ते कापतात, तेव्हा त्यातून मारक भाग मोकळा होतो. ज्या कात्रीनं अळी रोजचं पान पचवते, तीच तिच्या जिवावर उठते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं मग अळीची कात्री भली झाली. अळीच्या दृष्टीनं ती घरभेदी. आणि साठवलेल्या धान्यात होणाऱ्या एका पतंगाच्या काही अळ्या अशा सापडल्या, की ज्यांच्यात ती मुख्य कात्रीच नव्हती, त्या बीटीला सहज दाद देत नव्हत्या. एकच वस्तू, निकाल किती बदलतो बघा.

इथं कुणीतरी अडवेल आणि त्यांनी अडवावंच. काही कॅन्सर खरोखर घरात चालत येतात ना? येतात. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर पुरुषाचा धोका साधारण दुप्पट होतो. बीआरसीए-२ सारख्या जनुकातला बिघाड आईबापाकडून मुलाकडं तसाच मुलीकडंही जाऊ शकतो, आणि तिच्यात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. तेव्हा ‘आनुवंशिक काही नसतंच’ असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल आणि कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

पण धोका आणि दोष हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपण बैठकीत त्यांची अदलाबदल करतो. धोका सांगतो की पुढं काय जपायचं. दोष सांगतो की मागं कुणी चुकलं. जनुक घेताना कुणी निवड केलेली नसते, काकांनी नाही आणि त्यांच्या पोरीनं तर नाहीच. जिथं निवडच नव्हती तिथं दोष बसत नाही. ज्यांच्या घरात कॅन्सर नाही त्यांच्याकडं शुगर आहे, कुणाकडं हृदयाचा त्रास आहे, कुणी कधी तपासलेलंच नाही. नितळ रक्ताचं घर शोधत निघालेल्या मुलाला लग्नच करता येणार नाही.

मग कुणालाच जाब विचारायचा नाही का? विचारायचा, पण निवड जिथं होती तिथं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी मिळते, हे टपरीवर उभ्या कुणालाही माहीत असतं. तंबाखू चघळल्यानं तोंडाचा कॅन्सर होतो हे ती बनवणाऱ्याला माहीत असतं, चोरून पोचवणाऱ्याला माहीत असतं, डोळेझाक करणाऱ्यालाही माहीत असतं. तिथं आपण ‘ज्याचं त्याचं नशीब’ म्हणून गप्प बसतो, आणि एका पोरीच्या स्थळाच्या वेळी मात्र आपल्याला विज्ञान आठवतं. उपाशीपोटी ऊस तोडताना तंबाखूची गोळी गालात धरणाऱ्या मजुरापेक्षा पुडी बनवणाऱ्याकडं निवड कितीतरी जास्त होती, हेही त्या जमाखर्चात धरायला हवं.

काकांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला कॅन्सर होता का?” काकू पटकन म्हणाल्या, “नाही बा, कुणालाच नाही.” मध्यस्थांना द्यायचं उत्तर तोंडात इतकं बसलं होतं की तेच इथंही बाहेर पडलं. मी फाइल घेऊन शेजारी उभा होतो. मी म्हटलं, “आजोबांना लघवीचा त्रास होता, त्यातच गेले ते. निदान झालं नव्हतं.” डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि माझ्या वडिलांनी पीएसएची तपासणी करायची का, यावर पुढं बोलायला बोलावलं. पीएसए हीसुद्धा प्रोस्टेटमधली एक कात्रीच आहे. वीर्य पातळ करणं हे तिचं काम. ती रक्तात वाढली की काहीतरी बिघडलं असेल अशी खबर मिळते. कॅन्सर नसतानाही ती वाढू शकते, म्हणून तिच्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यायचा असतो.

डॉक्टरांचा प्रश्न आणि पाहुण्यांचा प्रश्न शब्दानं एकच आहे. डॉक्टर विचारतात ते माणसाला जवळ घेऊन जपण्यासाठी, पाहुणे विचारतात ते माणसाला बाजूला सारण्यासाठी. आपण दुसऱ्याला घाबरून पहिल्यापुढं खोटं बोलतो, आणि हे खोटं पुढच्या पिढीला महागात पडतं. कात्रीला निवड नसते. प्रश्न विचारणाऱ्याला असते. तुमच्यापैकी बरेच जण येत्या काही वर्षांत अशा बैठकांमध्ये बसणार आहात, कुणी मुलाच्या बाजूनं, कुणी मुलीच्या. तेव्हा ‘घरात कॅन्सर आहे म्हणे’ असं कुणी कुजबुजलं, तर एवढंच विचारा, “कुणाला आहे? उपचार नीट चाललेत का?”