शेवटची इच्छा कुणाला ठाऊक?

वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. "आईला अंतर देणार नाही," असं दादाने मोठ्याने कबूल केलं, तेव्हा कुठे शिवला.

अ‍ॅनी प्रूची 'ब्रोकबॅक माउंटन' ही १९९७ची कथा वाचताना तो घाट आठवला. १९६३चा उन्हाळा, वायोमिंगच्या डोंगरावर मेंढ्या राखणारे एनिस आणि जॅक एकमेकांचे होतात. पुढे दोघांची लग्नं, मुलंबाळं, वर्षानुवर्षं चोरून भेटी. मग जॅक जातो. आपली राख त्याच डोंगरावर टाकावी, ही त्याची इच्छा. एनिस ती मागायला जातो, तर म्हातारा बाप सरळ नकार देतो. जॅकच्या कपाटात मात्र दोन जुने शर्ट सापडतात, एकात एक घातलेले, बाहीवर वाळलेलं रक्त. आतला एनिसचाच. एनिस ते शर्ट घरी नेतो. मला ते अस्थींइतकेच पवित्र वाटले.

आपला धर्म मृताची इच्छा मानतो, तिच्यासाठी तासन्‌तास कावळ्याची वाट पाहतो. मग ती इच्छा ज्याला ठाऊक, तो जोडीदारच गर्दीत मागे का उभा? हा अधिकार रक्तावरून ठरावा, हे मला पटत नाही. तुमच्या घरातलं जॅकसारखं कुणी गेलं, तर त्याच्या जोडीदाराला पुढे बोलवा. दर्भ त्याच्या हातात द्या.