झाकलेले शस्त्र, उघडे शस्त्र



शस्त्र बाळगावे की नाही, यावर आपण पूर्वी बोललो आहोत. आज त्याच्या शेजारचा प्रश्न घेतो. ज्याला कायद्याने शस्त्र बाळगण्याची परवानगी मिळाली आहे, त्याने ते चारचौघांत दिसेल असे बाळगावे, की कपड्याखाली झाकून? वाचताना काहींना हसू येईल. आपल्यापैकी किती जणांकडे पिस्तूल आहे? फारच थोड्यांकडे असेल. पण कोयता, कुऱ्हाड, तीरकामठा घराघरात आहे, आणि अलीकडे काही मुलांच्या खिशात चाकूही असतो. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका परका नाही.

प्रश्न मला आपल्या भागातल्या एका गृहस्थांनी विचारला. धंद्यातल्या देण्याघेण्यावरून त्यांना धमक्या आल्या होत्या आणि पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज करावा असे त्यांच्या मनात होते. ते म्हणाले, "फादर, शर्टाखाली लपवून फिरायचे म्हणजे लोकांना फसवणेच झाले. कमरेला उघड लावले तर समोरच्याला कळेल तरी. मला हे जास्त प्रामाणिक वाटते." मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते.

कायद्याचे उत्तर सरळ आहे, ते आधी सांगून टाकतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे, तर ते त्यासाठी बनवलेल्या खोळीत, पूर्ण झाकलेले आणि त्याच्या पक्क्या ताब्यात असले पाहिजे. ते काढून मिरवणे, कोणासमोर नाचवणे याला मनाई आहे, आणि तसे केल्यास परवाना जातो. म्हणजे आपल्या देशात कमरेला उघडे पिस्तूल लावून बाजारात फिरण्याची मुभा परवाना असला तरी नाही. परंतु 'कायदा असे म्हणतो' एवढ्याने विवेकाचे समाधान होत नाही. कायदा असे का म्हणतो, आणि तो योग्य आहे का, हे आपल्याला पटले पाहिजे.

आपली भाषा त्या गृहस्थांच्या बाजूची आहे. काठीत दडवलेल्या पात्याला आपण 'गुप्ती' म्हणतो, आणि तो शब्द कोणी कौतुकाने उच्चारत नाही. 'तोंडात राम, बगलेत सुरी' ही म्हणही लपवलेल्या सुरीबद्दल आहे, उघड्या तलवारीबद्दल नाही. शूर माणूस उघड लढतो आणि भेकड लपवून आणतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेतही एके काळी हाच समज होता. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ साली लपवून शस्त्र बाळगण्यावर बंदी घातली, उघड बाळगण्यावर नाही. सभ्य माणसाला लपवायचे कारणच काय, असा तो विचार होता.

या विचाराला आपल्याच इतिहासात मोठी अडचण आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफजलखानाला भेटले, तेव्हा त्यांच्या अंगरख्याखाली चिलखत होते आणि शस्त्र झाकलेले होते. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली, तेव्हा ती पाहायला लोकांनी गर्दी केली. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात 'हे तर लपवलेले शस्त्र' असा हिणवणारा विचार आला असेल, असे मला वाटत नाही. समोरचा दगा करणार याची खात्री असताना, सैन्याचा आणि प्रजेचा भार ज्याच्यावर आहे त्याने सावध राहणे हे त्याचे कर्तव्य होते. तेव्हा झाकणे म्हणजे भेकडपणा, हे समीकरण टिकत नाही. अर्थात प्रतापगडाचा दाखला देऊन कोणी खिशात चाकू घेऊन शाळेत किंवा यात्रेत जाऊ लागला, तर मी त्याला एवढेच विचारीन की बाबा, तुझा अफजलखान कोण?

मग झाकणे म्हणजे खोटे बोलणे आहे का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या प्रश्नावर आमचा बराच काथ्याकूट होत असे. संत थॉमस अक्वायनस यांनी खोटे बोलणे आणि सत्य झाकून ठेवणे यांत फरक केला आहे, आणि त्यासाठी संत ऑगस्टीन यांचा आधार घेतला आहे. कोणाचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये, पण सत्य शहाणपणाने झाकून ठेवता येते, असे त्यांचे मत आहे. आजारी माणसाच्या घरचे लोक त्याचा आजार गावभर सांगत नाहीत, आणि त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. ज्याला जे जाणण्याचा हक्क नाही त्याला ते न सांगणे हे असत्य नव्हे. बाजारात आपल्या शेजारी भाजी घेणाऱ्या बाईला आपल्या शर्टाखाली काय आहे हे सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. उलट सांगितले तर काय होईल, याचा विचार केला पाहिजे. ती बाई भिईल. मुलाला जवळ ओढील. भाजीवाला भावावरून घासाघीस करताना जरा मऊ बोलेल. आपण कोणाला एक शब्दही वाकडा बोललेलो नसतो, तरी आपली कमर सगळ्यांशी बोलत असते, आणि ज्यांनी आपले काहीच बिघडवले नाही अशांनाही धाक देत असते. धमकी देणारा एक आणि धाक बसणारे शंभर. माझ्या मते उघड्या पिस्तुलाचा खरा दोष हा आहे. ते प्रामाणिक असेल, पण न्याय्य नाही.

यावर कोणी म्हणेल, मग आपले आदिवासी बांधव शेकडो वर्षे तीरकामठा खांद्यावर घेऊन उघड फिरत आले, त्याचे काय? होळीच्या दिवसांत अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घालून माणसे नाचतात, आणि त्यांच्या हातात पारंपरिक शस्त्रेही असतात. तिथे तर कोणी भीत नाही. बरोबर आहे, आणि का भीत नाही ते पाहण्यासारखे आहे. कुऱ्हाड लाकडासाठी आहे, कोयता उसासाठी, तीरकामठा शिकारीसाठी आणि राखणीसाठी. कोणाला भिववण्यासाठी ती वस्तू बाहेर काढलेली नाही, हे बघणाऱ्यालाही ठाऊक असते. कायद्यालाही हे कळते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ शेतीच्या किंवा घरच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, जशी लाठी किंवा साधी हातकाठी, शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. पिस्तुलाचे तसे नाही. त्याने लाकूड फुटत नाही आणि ऊस तुटत नाही. ते फक्त माणसासाठी बनवलेले आहे. म्हणून ते दाखवणे म्हणजे कोणत्या तरी माणसाला दाखवणे.

पण हेही खरे की तोच कोयता एका दिवशी अवजार असतो आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र. बांधाच्या भांडणाला निघालेल्या माणसाच्या हातातला कोयता आणि ऊस तोडायला निघालेल्याच्या हातातला कोयता लोहाराला वेगळा दिसणार नाही. बायकांना मात्र लांबूनच कळतो.

आणखी एक गोष्ट विसरू नये. उघडे शस्त्र सगळ्यांच्या अंगावर सारखे दिसत नाही. आपला जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. शहादा तालुक्यात मोठ्या शेतकऱ्यांच्या पिकांची राखण बंदूकधारी राखणदार करत. त्यांची उघडी बंदूक म्हणजे 'व्यवस्था' होती. जमिनी गेलेले आदिवासी जमले की त्यांच्या हातातली काठी म्हणजे मात्र 'धोका'. १९७१ साली पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती यांची आणि श्रमिक संघटनेची चळवळ त्या काळातली आहे. जुन्या लोकांना ते सारे आठवत असेल. अमेरिकेतही असेच घडले. १९७२ साली आपल्याकडच्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, ते ब्लॅक पँथर संघटनेचे काळे तरुण कॅलिफोर्निया राज्यात उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत फिरू लागले. मे १९६७ मध्ये ते तशाच बंदुका घेऊन विधानभवनात शिरले. त्याच वर्षी त्या राज्याने सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी आणली. तोवर उघडी बंदूक त्या राज्याला एवढी खुपली नव्हती. ती काळ्या माणसाच्या हातात दिसल्यावर कायदा जागा झाला. 'मी उघड बाळगीन, त्यात प्रामाणिकपणा आहे' असे म्हणणाऱ्याने स्वतःला विचारावे की माझ्या शेतावर मजुरीला येणारा माणूस उद्या तसाच उघड बाळगून माझ्या दारात उभा राहिला, तर मला तो प्रामाणिक वाटेल का?

तेव्हा बाजारात, रस्त्यावर, एसटीत पिस्तूल झाकलेलेच असावे, हा कायदा मला योग्य वाटतो. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी आपली कुटुंबे ट्रकमध्ये चढताना कोयते बारदानात गुंडाळून ठेवतात. ते कोणाला फसवण्यासाठी नसते. ट्रकमध्ये लेकरे असतात, कोणाला लागू नये म्हणून. परवानाधारकाचे झाकणे अशा प्रकारचे असावे.

आता झाकण्यातला धोका. शस्त्र झाकले की ते परक्यांपासून झाकले जाते आणि हळूहळू आपल्या माणसांपासूनही. मग बाळगणारा एकटा पडतो. आपल्या कमरेला काय आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, या जाणिवेने माणसाची चाल बदलते. जिथे पूर्वी तो भांडणातून दोन पावले मागे सरकला असता तिथे सरकत नाही. कोणी टोकणारा नसतो, कारण कोणाला माहीतच नसते. खिशात चाकू घेऊन हिंडणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो. चाकू खिशात असला की जिभेवरचा ताबा सुटतो, आणि मग चाकू बाहेर काढावा लागतो.

शुभवर्तमानात याविषयी एक बारीक तपशील आहे, तो वाचताना आपण सहसा पुढे निघून जातो. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्य प्रभूला म्हणतात की आमच्याजवळ दोन तलवारी आहेत. संत लूकने ते नोंदवले आहे. म्हणजे त्या तलवारी त्यांनी आपल्या गुरूपासून आणि एकमेकांपासून लपवल्या नव्हत्या. जेवणाच्या जागीच ते बोलून दाखवले. पुढे गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसून मल्खाचा उजवा कान तोडला, तेव्हा तिथेच त्याला थांबवणारा होता, तलवार म्यानात घाल असे सांगणारा होता, आणि पेत्राने ऐकले. पेत्राचे शस्त्र त्याच्या लोकांना माहीत होते, हे त्याचे भाग्य. उलट पकडायला आलेले लोक रात्री तलवारी आणि सोटे घेऊन आले. मी रोज मंदिरात उघडपणे शिकवत होतो, तेव्हा तुम्ही मला धरले नाही, असे प्रभूने त्यांना ऐकवले.

म्हणून त्या गृहस्थांना मी शेवटी विचारले, "घरात सांगितले आहे का?" ते गप्प राहिले. बायकोला सांगितले नव्हते, ती घाबरेल म्हणून. मी म्हणालो, बाजारातल्या लोकांना सांगू नका, ती घाबरली तरी तिला सांगा. थोरल्या भावाला सांगा. घरात ते कुठे कुलूपबंद राहणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे दोघांनी मिळून ठरवा. तुमचा राग तुमच्याआधी ओळखणारी दोन माणसे या गोष्टीत नसतील, तर परवाना मिळाला तरी पिस्तूल घेऊ नका. आणि मुळात तो देण्याघेण्याचा वाद पंचांसमोर ठेवला आहे का, धमक्यांची तक्रार पोलिसांत दिली आहे का? ख्रिस्तसभा स्वसंरक्षण नाकारत नाही. स्वतःचा आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांचा जीव वाचवण्याचा हक्क ती मान्य करते, पण गरजेपुरत्याच बळाचा. ऑगस्टीन तर त्याहूनही कडक होते. सैनिक किंवा अधिकारी नसलेल्या माणसाने स्वतःसाठी दुसऱ्याला मारावे, हे त्यांना पसंत नव्हते. तक्रार, पंच, मध्यस्थ हे सारे मार्ग वापरून झाल्यावर जे उरते ते स्वसंरक्षण. गृहस्थांनी अजून अर्ज केलेला नाही. करतील की नाही, ते त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ठरवायचे आहे.

लग्नसराईबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. वरातीत आनंदाने हवेत गोळी झाडण्याची हौस आपल्याकडे अजून फारशी नाही, ती येऊही नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने आनंदाचा गोळीबार करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

रविवारी शेतातून परस्पर मिस्साला येणाऱ्यांनी कोयते आणि कुऱ्हाडी चर्चच्या मागच्या ओट्यावर ठेवाव्यात, पाते भिंतीकडे करून. तिथे लहान मुले खेळतात.