निवडीचे फळ कोणाच्या माथी?

केलेल्या कर्माचे फळ बुडू नये आणि न केलेल्याचे फळ कोणावर येऊन आदळू नये, असे दोन दंडक आपल्या दर्शनकारांनी कर्मविचाराला घालून दिले, आणि यांतील दुसऱ्याच्या भंगाला ‘अकृताभ्यागम’ असा दोष मानला. अमेरिकेतील वृद्धांच्या आरोग्यविम्याचा कारभार पाहिला म्हणजे हा दोष कायद्याचे वस्त्र पांघरूनही वावरू शकतो, हे ध्यानात येते.

1965 साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने ‘मेडिकेअर’चा कायदा झाला आणि पासष्टी गाठलेल्यांना सरकारी विमा मिळाला. या विम्यावर देशातील बहुतेक रुग्णालये मोकळी असली, तरी डॉक्टरांच्या देयकाचा पाचवा हिस्सा रुग्णाने सोसायचा आणि त्याला कमाल मर्यादा नाही. सबब ज्याला परवडते तो निराळा पुरवणी विमा घेतो. दुसरी वाट ‘मेडिकेअर ॲडव्हांटेज’ची : पैसा मुख्यतः सरकारचा, व्यवस्था खासगी कंपनीची, हप्ता थोडा, खर्चाला मर्यादा, वर दातांची आणि चष्म्याची सोय, मात्र रुग्णालये कंपनीच्या यादीतली आणि मोठ्या उपचाराला तिच्या दप्तराची पूर्वमंजुरी. आज निम्म्याहून अधिक लाभार्थी या वाटेवर आहेत. दरवर्षी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर निवडीची मुदत असते, आणि तेव्हाच्या जाहिरातींतले म्हातारे इतके सुदृढ दिसतात की त्यांना विमा कशाला हवा, असाच प्रश्न पडावा.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. ग्रंथीचे डोके, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव पुन्हा सांधायचे, असे त्यावरील शस्त्रक्रियेचे कर्म आहे. ते क्वचितच होते अशा रुग्णालयांत शंभरांतले सुमारे सोळा रुग्ण दगावतात आणि जेथे ते नित्याचे आहे तेथे चार, असे 2002 सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले. पुढे कॅलिफोर्नियातील नोंदींवरून असे आढळले की, ॲडव्हांटेजचे रुग्ण अशा सरावाच्या रुग्णालयांत तुलनेने कमी पोहोचतात.

‘त्यानेच सही केली, त्यानेच भोगावे,’ असे म्हणणारे निघतील. पण सही करणाऱ्या पासष्टीच्या निरोगी माणसाने दात आणि हप्ता पाहिला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कावीळ होऊन अंथरुणाला खिळलेल्याने कोणत्या रुग्णालयाची यादी पाहायची, हे त्याला कोणी सांगितले होते? अजाणता घडलेल्या कर्माला आपल्या स्मृतिकारांनीही सौम्य प्रायश्चित्त सांगितले आहे. शिवाय जिला पुरवणी हप्ता झेपतच नाही त्या विधवेच्या बाबतीत निवड हा शब्दही थट्टेचा वाटतो. तिला दुसरी वाटच हिताची, हेही मान्य केले पाहिजे.

खरा अन्याय परतीच्या वाटेवर आहे. सरकारी विम्यात परत येण्याची मुभा दरसाल असते. परंतु पुरवणी विमा प्रकृती न पाहता देण्याचे बंधन कंपनीवर आरंभीचे सहा महिनेच असते, आणि मग काही अपवाद वगळता ती कर्करोग्याचा अर्ज खुशाल नामंजूर करते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन या चारच राज्यांनी हे दार वृद्धांसाठी पुढेही उघडे ठेवले आहे. यामुळे तेथील हप्ते चढे असतात, ही तक्रार खरी आहे. तरीही ती किंमत सर्वांनी वाटून घेणे मला एकट्या रुग्णाच्या माथी मारण्यापेक्षा अधिक न्याय्य वाटते. अमेरिकेतल्या मुलांकडे कायमचे राहायला गेलेले आपले आईवडीलही पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर याच विम्याचे हप्ते भरू लागतात. त्यांच्या लेकरांनी चष्म्याची सोय नंतर पाहावी, आधी रुग्णालयांची यादी वाचावी.