अनिकेत आणि शिंप्याचं घरटं

आजचा श्लोक गीता 12.19. भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत 'अनिकेत' म्हणतात, म्हणजे ज्याचं घर नाही असा. फ्लॅटचं 20 वर्षांचं कर्ज असलेल्याला हा शब्द टोचतोच!

नेवाशाला आमच्या परसात अंजिरावर शिंपी पक्ष्याचं घरटं आहे. वजन जेमतेम 10 ग्रॅम, आवाज मात्र अख्ख्या आळीला ऐकू जाणारा. चोचीने पानाच्या कडांना भोकं पाडायची, कापसाचा नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवायचा आणि पानाची खोळ शिवायची. भोकं इतकी बारीक की पान हिरवंच राहतं, घरटं सापडत नाही. आत कापसाची गादी. (आमच्याकडे कापसाला काय तोटा!) साधारण 12 दिवस उबवणं, मग दोनेक आठवडे भरवणं. पिल्लं उडाली की घरटं सोडून देतात. तरी शिवताना टाका काही कच्चा घालत नाहीत.

याच नेवाशात शके 1212 मध्ये माउलींनी 'अनिकेत'वर भाष्य केलं. ती ओवी सगळ्यांना पाठ आहे. माउली घर मोडा म्हणत नाहीत, ते विश्वाएवढं करतात. ज्या भावंडांना आळंदीत वाळीत टाकलं, त्यांच्यातल्या एकाने हे म्हणावं! इथे मी दरवेळी अडतो.

आम्ही पुण्याला निघालो की आई दारात उभी राहून डोळे पुसते. तिला आसक्ती म्हणायचं का? मला नाही म्हणवत. शिंपीणसुद्धा उडालेल्या पिल्लांना काही दिवस मागे मागे फिरून भरवतेच.

उद्या 20वा, अध्यायाचा शेवटचा श्लोक.