गाडी चालवतंय कोण?

गॅरेजमध्ये ‘डुप्लिकेट’ हा शब्द शिवी म्हणून कुणी वापरत नाही. तो एक भाव असतो. ‘कंपनीचा देऊ, लोकल देऊ, डुप्लिकेट देऊ की जुन्या गाडीतला बघायचा?’ असं विचारताना पार्टवाल्याचा आवाज जराही खालीवर होत नाही. टपरीवर फुल की कटिंग विचारावं तसं. पण मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यात चार किमतींपेक्षा जास्त काहीतरी आहे, असं वाटत राहिलं.

काकांची एक पिकअप आहे. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, एरवी चिरे, सिमेंट, मंडपाचं सामान, जे भाडं मिळेल ते. ऐन हंगामात तिचं कूलंट कमी व्हायला लागलं. मिरजोळे एमआयडीसीत आमचे नेहमीचे मेस्त्री आहेत. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं. वॉटर पंपाखाली ओल होती आणि रेडिएटरच्या वरच्या होजला चिरा गेल्या होत्या. गाडी दिवाळीपर्यंत विकायची हे काकांनी आधीच ठरवलेलं. पार्ट आणायला मला धाडलं, कारण पैसे माझ्या फोनवरून जाणार होते. काका म्हणाले, ‘विकायचीच आहे, स्वस्तातलं बघ.’ हे वाक्य काही वाईट माणसाचं नाही. हप्ता भरणाऱ्या कुठल्याही माणसाचं आहे.

मेस्त्री तेवढ्यात हात पुसत म्हणाले, ‘काय आणायचं ते आण. पण गाडी चालवतंय कोण?’

गाडी चालवतो आमचा ड्रायव्हर. माझ्याच वयाचा आहे. साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो, बहुतेक रात्री, कारण रात्री हवा थंड असते आणि माल सकाळी बाजारात पोचायला हवा. मी त्याला विचारलं, कुठला पंप घालूया? तो म्हणाला, ‘तुम्ही ठरवाल तो.’ मग थोडं थांबून, ‘मी पाच-पाच लिटरचे दोन कॅन नेतो सोबत. काय वाटत नाय.’

मला त्या दोन कॅनचं फार वाटलं. पैसे काकांचे, निवड माझी आणि कॅन त्याचे.

इथे इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं. कूलंट नुसतं भरून ठेवलेलं नसतं, ते दाबाखाली असतं. रेडिएटरचं झाकण साधारण एक बारपर्यंत दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, १२०च्या आसपास जाऊ शकतं. गरम गाडीचं झाकण कुणी घाईने उघडलं तर दाब एकदम सुटतो, आणि तेच पाणी वाफ होऊन हातावर, तोंडावर येतं. घाटात अंधारात गाडी तापली, मागे पेट्या आहेत, मालक फोनवर ‘कुठे पोचलास’ विचारतोय, अशा वेळी इंजिन थंड व्हायची अर्धा-पाऊण तास वाट बघायची शिस्त किती जणांकडे असेल? म्हणजे गळतीचा खर्च रुपयात मोजायचा की भाजलेल्या कातडीत, हे ती कुणाच्या वाट्याला येते त्यावर ठरतं. पार्ट निवडणारा आणि पार्ट भोगणारा एकच असेल तर स्वस्त-महाग हा निव्वळ हिशेब आहे. दोघं वेगळे झाले की त्याचा नैतिक प्रश्न होतो. भाड्याच्या घराची वायरिंग, शाळेच्या बसचे टायर, कामगारांची हेल्मेटं, सगळीकडे हेच आहे.

मग सगळं कंपनीचंच घ्यावं का? मला तसं वाटत नाही. ‘ओरिजिनल’चा आग्रह हाही कधीकधी विचार टाळायचा मार्ग असतो, आणि पैसे दुसऱ्याचे असले की तो फारच सोपा असतो. कंपनीच्या खोक्यावरची किंमत म्हणजे निव्वळ दर्जाची किंमत नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं ते गेलं. पण आमच्या मेस्त्रींसारख्या माणसाला जे रोज कळतं ते निदान एकदा सरकारी कागदावर आलं. शिवाय कित्येक पार्ट गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. पुरवठादार बनवतो, कंपनीच्या खोक्यात घालून देतो आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतो.

म्हणून मला ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ यांना एका पंगतीत बसवणं पटत नाही. लोकल पार्ट स्वतःचं नाव सांगतो. कमी टिकेल, पण मी कोण आहे हे लपवत नाही. डुप्लिकेट दुसऱ्याचं नाव लावून येतो. ट्रेडमार्क कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ते सोडा. त्याचं खरं पाप असं, की तो घेणाऱ्याची निवडच काढून घेतो. स्वस्त पंप घातलाय हे माहीत असलेला ड्रायव्हर घाटात काट्यावर नजर ठेवेल. चांगला पंप आहे असं समजणारा ठेवणार नाही.

लपवणं आणि सांगणं हा फरक वॉटर पंपातच बसवलेला आहे, हे मेस्त्रींनी दाखवलं तेव्हा मला फार गंमत वाटली. पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर टपकतं. म्हणजे पंप बनवणाऱ्याने धरूनच चाललंय की हा एक दिवस जाणार. जाताना निदान बोंब मारून जावा. याच्या उलट ती जुनी युक्ती, रेडिएटरमध्ये हळद टाकायची. ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. बारीक गळतीत हळद जाऊन बसते आणि गळायचं थांबतं. गावापर्यंत पोचायला हे वरदानच आहे. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि काही न टपकणारी गाडी बरी झाली असं सगळ्यांना वाटायला लागतं. त्याहून भयंकर म्हणजे कूलंट पार संपलं की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. इंजिन जळायला आलंय आणि काटा म्हणतोय सगळं ठीक.

(घरातल्या ज्या माणसाची कधीच तक्रार नसते, त्याच्याबद्दल मला तेव्हापासून जरा काळजी वाटते.)

राहिला प्रश्न ‘विकायचीच आहे’चा. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने विचारलं होतं, की आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? मग रथ कुठे आहे? रथ हे सगळ्या भागांवर टेकलेलं नुसतं नाव आहे, असा तो संवाद ‘मिलिंदपञ्हा’त येतो. मला वाटतं, मालक हेही तसंच नाव आहे. आरसी बुकावर आज काका, दिवाळीनंतर आणखी कुणी. पण झिजलेलं सील त्या दिवशी नवं होत नाही. ज्याचा चेहरा माहीत नाही त्या माणसाचं आपण काय लागतो? फार नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्याच्यासाठी पंप नवा घालणं माझ्यावर बंधनकारक नाही. पण तो विचारेल तेव्हा काय घातलंय ते सांगणं आहे.

शेवटी मी पंप पुरवठादाराच्या नावाचा घेतला, कंपनीच्या खोक्यातल्यापेक्षा बराच स्वस्त. होजही नवा, चांगल्यापैकी. क्लिपा लोकल, त्या सुटल्या तर दिसतात आणि स्क्रू-ड्रायव्हरने आवळता येतात. जुन्या गाडीतला पंप नको म्हटलं, कारण सील किती उरलंय ते वरून कळत नाही. कूलंट नवं भरलं, विहिरीचं पाणी नाही. काका आकडा ऐकून थोडे गप्प झाले, मग म्हणाले, ‘बिलं फाइलला लाव.’ ड्रायव्हरला मी काय घातलं, काय नाही ते सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. कॅन अजून नेतो.

जुनं कूलंट मेस्त्रींनी पत्र्याच्या डब्यात धरलं आणि वर फळी टाकली. ते चवीला गोड असतं आणि विषारी. गॅरेजभोवतीची कुत्री चाटतात.

निघताना मी नव्या पंपाचा खोका फाडून टाकला. असे रिकामे खोके गोळा करणारे असतात, कशासाठी ते सांगायला नको. मग जुना पंप राहिला. मी हातोडा मागितला. मेस्त्री जरा घुटमळले. अख्खा पंप घासूनपुसून देणाऱ्याला दिला तर चार पैसे येतात, फोडला तर वजनावर जातो. त्यांचं नुकसान मी करत होतो, हे दोघांनाही कळत होतं. ‘भंगाराचे पैसे तुमचे, वर चहा माझ्याकडून,’ मी म्हटलं. ते हसले, हातोडा मला न देता स्वतःच उचलला आणि पंप पायाखाली धरून दोन घाव घातले.