शंकासमाधान : शेजारचा प्रसाद, लेकीचं लग्न

शंका : आम्ही विरारला मोठ्या सोसायटीत राहतो. गणपतीत खालच्या मंडपात सगळे जमतात. यंदा सेक्रेटरींनी एका संध्याकाळची आरती माझ्या मिस्टरांच्या हस्ते ठेवली आहे. मुलगा लहान आहे, तो मित्रांबरोबर मोदक खाऊन येतो. माझी धाकटी जाऊ हिंदू घरातली, अलीकडेच तिने बाप्तिस्मा घेतला. ती म्हणते, प्रसाद घरात आला तर मी तुमच्याकडे जेवणार नाही. आम्ही काय करावं?
– एक भगिनी, विरार

समाधान : ताई, तुमचा प्रश्न पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांनाही पडला होता. करिंथच्या बाजारात विकायला येणारं बरंचसं मांस देवळांतल्या बळींचं असे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना कळेना, हे घ्यावं की नाही. पौलाने इ.स. ५५ च्या सुमारास त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय तुम्ही दोघांनी शेजारी बसून सावकाश वाचा. मूर्तीपुढे ठेवल्याने अन्नात काही शिरत नाही, बाजारात मिळतं ते खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, असं तो सांगतो. पण उपासनेत भाग घ्यायचा आणि पुन्हा प्रभूच्या मेजाशीही यायचं, हे त्याला मान्य नाही. आणि तुमच्या खाण्यामुळे एखाद्याची कोवळी श्रद्धा अडखळत असेल, तर ते खाणं सोडा, असंही तो बजावतो.

कुणी म्हणेल, हे वाहिलेलं आहे असं सांगितल्यावर खाऊ नका, असंही तिथेच लिहिलं आहे. खरं आहे. मात्र पौल त्याचं कारण देतो ते सांगणाऱ्याच्या मनाचं. तुमच्या खाण्यातून तो काय समजेल, हा प्रश्न आहे. तुमच्या मजल्यावरच्या काकू तुमच्या मुलाच्या हातावर मोदक ठेवतात तेव्हा त्याने धर्म बदलला असं त्यांना वाटत नाही. नाताळात तुमच्या करंज्या त्यांच्या घरी जातात, तशी त्यांच्या सणाची गोडी त्या तुमच्यापर्यंत पोचवतात. तो मोदक दोन्ही हातांनी घ्यावा. घेऊन मागे कचऱ्यात टाकणारी घरं मला माहीत आहेत, आणि ते मला फार लागतं. आपल्या प्रभूवरचं प्रेम दाखवायला दुसऱ्याच्या प्रेमाचा अपमान करावा लागत नाही.

आरतीचं मात्र वेगळं आहे. मंडपात आदराने उभं राहणं ही शेजारधर्माची गोष्ट झाली. हातात तबक घेऊन आरती करणं ही पूजा आहे. जी पूजा आपण मनापासून करत नाही ती हाताने केली, तर आपल्या श्रद्धेशी खोटेपणा होतोच, ज्यांनी इतक्या विश्वासाने बोलावलं त्यांच्याशीही होतो. तुमच्या मिस्टरांनी सेक्रेटरींना आधी भेटून हे सरळ सांगावं. मी तुमच्याबरोबर उभा राहीन, मंडपाचं काम करीन, वर्गणी देईन, आरती मात्र ज्याची श्रद्धा आहे त्याच्या हातून होऊ द्या. माझा अनुभव असा की अशा स्पष्ट बोलण्याने मान वाढतो. आदल्या दिवशी ताप आल्याचं निमित्त सांगू नये.

जाऊबाईंबद्दल थोडं हळुवारपणे वागा. त्यांनी जे सोडलं ते किती मोल देऊन सोडलं, हे आपल्यासारख्या जन्मापासून ख्रिस्ती असलेल्यांना सहसा कळत नाही. त्या येतील त्या दिवशी प्रसाद त्यांच्यासमोर ठेवू नका. पण तुमच्या घराचा नियम त्यांनी ठरवायचा नाही. रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल दोन्ही बाजूंना समजावतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. तो अध्याय त्यांच्याबरोबरही वाचता येईल.

शंका : मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या एका मराठा मुलाशी लग्न करायचं म्हणते. मुलगा चांगला आहे, पण धर्म बदलणार नाही. त्याच्या घरचे म्हणतात, लग्न आमच्या पद्धतीने लावू, कागदावर नाव बदलून घेऊ. आमचे नातलग म्हणतात, अशा लग्नाला गेलात तर आम्ही संबंध तोडू. बापाने काय करावं?
– एक वाचक, वसई

समाधान : दादा, तुमच्या पत्रातलं दुःख मला कळतं. मुलांना आपली श्रद्धा मिळावी असं वाटण्यात काही चूक नाही. घरात रोज संध्याकाळी रोजरी म्हणणाऱ्या आईबापाला ती माळ पुढच्या पिढीत तुटेल अशी भीती वाटणारच.

आधी नियमांचं बोलू, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. कॅथलिक व्यक्तीचं बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न चर्चमध्ये लागू शकतं. त्यासाठी बिशपांची सूट लागते, आणि ती धर्मग्रामाच्या फादरांमार्फत मागायची असते. तुमच्या मुलीने दोन गोष्टी मनापासून कबूल करायच्या: मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती संस्कारात वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सर्व करीन. जावयाकडून असं वचन घेत नाहीत. मुलीने काय कबूल केलं आहे हे त्याला नीट माहीत असावं, एवढीच अपेक्षा असते. त्याने धर्म बदलावा अशी अट चर्च घालत नाही. केवळ लग्नासाठी कुणी बाप्तिस्मा मागायला आला तर मी स्वतः त्याला थांबायला सांगतो.

सरकारी बाजूने पाहिलं तर दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न होतं. दुसरा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. हिंदू विवाह कायदा फक्त दोघेही हिंदू असतील तेव्हाच लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका ख्रिस्ती-हिंदू जोडप्याच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे मुलगी मनाने ख्रिस्ती राहून हिंदू विधीने लग्न लावलं, तर उद्या तिचे हक्क कोर्टात अडचणीत येऊ शकतात. आणि कागदावर हिंदू झाल्याचं लिहून दिलं, तर तिने स्वतःबद्दल खोटं लिहून संसार सुरू केला असं होईल. त्या कागदावर सही करू देऊ नका. मुलाच्या घरच्यांना हे प्रेमाने, पण ठामपणे सांगा. चांगली माणसं असतील तर समजून घेतील, आणि समजून घेतात की नाही हेही त्यातून कळेल. नुसतं रजिस्टर लग्न केलं तर चर्चच्या दृष्टीने ते अपुरं राहतं, पण नंतर ते रीतसर करून घेण्याची वाट आहे. दार कायमचं बंद झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नियम संपले. आता मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि उत्तर मला कळवू नका, स्वतःला द्या. हाच मुलगा कॅथलिक असता, पण तुमच्या समाजातला नसता, नगर-औरंगाबादकडचा असता, तर तुमच्या नातलगांनी काय केलं असतं? आमच्यात जात नाही असं आपण प्रवचनात म्हणतो. पण आपल्या वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी अशी घरं लग्नाच्या वेळी किती सावधपणे एकमेकांकडे पाहतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या नातलगांच्या रागातला कितीसा भाग ख्रिस्तासाठी आहे आणि कितीसा जातीसाठी, हे तपासून घ्या. जातीसाठीचा राग देवाच्या नावावर खपवणं मला मोठं पाप वाटतं.

मिश्र घरात श्रद्धा टिकते का? टिकते, आणि कधी हरवतेही, मी खोटी खात्री देणार नाही. पण आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाजवळ या बाबतीत एक खरीखुरी कहाणी आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षं ताटातूट झाली. मग त्या नवऱ्याकडे परतल्या, त्याही हिंदू म्हणूनच, आपलं सोवळंओवळं सांभाळत. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, कुणी ओढत नेलं म्हणून नाही, त्यांचं स्वतःचं मन वळलं म्हणून. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या मुलीला भेट द्या, आणि होणाऱ्या जावयालाही. दोन श्रद्धांच्या घरात किती भांडणं होतात आणि किती माया उरते, हे त्यातून दोघांना लग्नाआधी दिसेल.

मुलीशी बोलताना लोक काय म्हणतील यावर वेळ घालवू नका. रविवारी मिस्साला एकटी जाशील का, बाळाच्या नावावरून सासरी वाद झाला तर काय करशील, नवऱ्याच्या घरच्या पूजेत कुठपर्यंत जाशील, हे तिला विचारा. ही बोलणी त्या मुलासमोर झालेली बरी. आणि लग्नाला जा, दादा. तुम्ही गेला नाहीत तर तिची श्रद्धा वाचणार नाही. तिला माहेर मात्र उरणार नाही.

शंका : मुंबईत दफनभूमीत जागा मिळत नाही. वडिलांचं दहन केलं तर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

समाधान : चालेल. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. पुनरुत्थान नाकारण्यासाठी मात्र ते केलेलं नसावं. प्रॉटेस्टंट बांधवांनी आपल्या पाळकांशी बोलावं, त्यांच्या मंडळ्यांत रिवाज निरनिराळे आहेत. रक्षा दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या जागी ठेवावी, नदीत वा समुद्रात सोडू नये, असं व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेत म्हटलं आहे. तसं पाहिलं तर मुंबईत पुरलेल्यांचीही कबर काही वर्षांनी उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. देवाला त्याची अडचण नाही. प्रार्थना आणि अंत्यविधी नेहमीसारखाच करा.

शंका : आई आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टर म्हणतात, सुधारणा होणार नाही. यंत्र काढायला हो म्हणणं म्हणजे तिला मारणं, असं बहीण म्हणते. मला रात्ररात्र झोप नाही.
– एक वाचक, पुणे

समाधान : तुम्ही तिला मारत नाही आहात. हे वाक्य मी चर्चच्या शिकवणुकीच्या आधाराने लिहितो आहे. १९५७ मध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोप बारावे पायस यांना हाच प्रश्न विचारला होता. जीव जगवण्यासाठी नेहमीचे उपाय करणं बंधनकारक आहे, रोग्यावर नुसता भार टाकणारे असाधारण उपाय चालू ठेवणं बंधनकारक नाही, असं त्यांनी सांगितलं. चर्चची शिकवण आजही तीच आहे. मृत्यू घडवून आणायला इंजेक्शन देणं आणि अटळ मृत्यूला यंत्राने अडवणं थांबवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण कधीही करणार नाही. दुसरी करता येते. वेदना कमी करणारं औषध, अंग पुसणं, कूस बदलणं हे थांबवायचं नाही, आणि शरीर स्वीकारत असेल तोवर अन्नपाणीही नाही.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असे उपचार थांबवण्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत थोडी सोपी केली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या मंडळाने तपासून तसं ठरवावं लागतं, आणि नातलगांची संमती लागते. त्यामुळे निर्णयाचा भार एकट्या तुमच्यावर नाही.

बहिणीला डॉक्टरांसमोर बसवा. आईच्या सुधारण्याची खरी शक्यता आहे का, आणि हे यंत्र तिला बरं करतं आहे की फक्त तिचं मरण लांबवतं आहे, हे तिला स्वतःच्या तोंडाने विचारू द्या. डॉक्टरांचं उत्तर तिने स्वतः ऐकलं तर निम्मं भांडण मिटेल. यंत्राचा निर्णय व्हायच्या आधी, आजच, फादरांना बोलावून आईला तैलाभ्यंग संस्कार मिळू द्या. तो फक्त मरणाऱ्यांसाठी असतो हा समज जुना आहे. गंभीर आजारी असलेल्या कुणालाही तो देता येतो. आयसीयूत दोनच माणसांना सोडत असतील, तर त्या वेळी फादरांबरोबर बहिणीला आत जाऊ द्या.