घडी आणि खुंटी

घोड नदीकाठी, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंबसारख्या गावात जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायला घेतलं, की स्वयंपाकाच्या ओट्याखालोखाल वाद होतो तो कपड्यांच्या कपाटावरून. सुतार विचारतो, कप्पे किती काढू आणि हँगरला जागा किती सोडू? सासूबाई म्हणतात, कप्पेच काढ, टांगून ठेवायला काय कापडदुकान मांडायचंय? सून म्हणते, कप्प्यातला एक ड्रेस ओढला की अख्खी चळत खाली येते, मला दांडा हवा. सुताराला यात पडायचं नसतं. तो निम्मं-निम्मं करून मोकळा होतो आणि पुढची कित्येक वर्षं घर त्या निम्म्या-निम्म्यात नांदतं.

जुन्या आणि नव्या पिढीचं नेहमीचंच, असं म्हणून घरातले पुरुष यातून अंग काढून घेतात. पण नीट ऐकलं तर दोघी आपापल्या अंगावरच्या कापडाची बाजू मांडत असतात. घडी घालायची की टांगायचं, हे आपल्या आवडीनिवडीच्या आधी कपड्याच्या बांधणीनं ठरवून टाकलेलं असतं.

नऊवारीची घडी घालताना पाहावं. सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबी, मीटर-सव्वा मीटर रुंदी, असं ते सरळ पट्टीचं कापड. एकटीच्या हातात ते आवरत नाही, म्हणून अंगणात दोघी समोरासमोर उभ्या राहतात. दोन्ही टोकं धरून एक झटका देतात, काठाला काठ जुळवून रुंदी दुमडतात. मग एकजण टोक धरून चालत दुसरीकडे येते. लांबी चार मीटर झाली. खाली लोंबणारी दुमड उचलून पुन्हा तसंच, दोन मीटर, पुन्हा, एक. मध्ये कुठे शिवण नाही, उंचवटा नाही, गोलाई नाही, त्यामुळे दर खेपेला बिनतक्रार निम्म्याचं निम्मं होतं आणि शेवटी एक सपाट चौकोन हातात येतो. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा ठेवला तरी चळत हलत नाही.

आता शर्ट घ्या. बाह्या मागे वळवायच्या की पुढे, इथूनच घोळ सुरू होतो. कॉलरला उंची, खांद्याला उतार, काखेत गोलाई, बटणपट्टीला जाडी. अंगातून काढून ठेवला तरी शर्टात माणसाचा आकार उरतोच. घडी घालायची म्हणजे तो आकार मोडायचा. हँगर नेमकं उलट करतो, तो शर्टाला खोटे खांदे देतो. धोतर, उपरणं, फेटा, शाल, चादर, लुगडं यांना खांदेच नाहीत, तेव्हा हँगर त्यांच्या काय कामाचा?

शिवलेलं असूनही घडीच्या बाजूला गेलेलं एक खास उदाहरण आपल्याकडे आहे, पांढरी टोपी. तिच्यात घडी हाच आकार. खळ देऊन, इस्त्री करून ती सपाट दाबून ठेवायची आणि डोक्यावर घालताना तेवढी उघडायची. मुंबईचे डबेवाले मावळ-खेडपासून आंबेगाव-जुन्नर-अकोल्यापर्यंतच्या याच डोंगरपट्ट्यातले. त्यांची ही टोपी साऱ्या शहरानं ओळखीची खूण केली. अशा आठ-दहा टोप्या ठेवायला पेटीचा एक कोपरा पुरतो. साहेबी हॅटला मात्र अख्खं खोकं लागतं.

जपानी किमोनो या हिशोबात आपल्या लुगड्याच्या जवळचा. तो शिवलेला असतो खरा, पण सरळ पट्ट्या जोडून. म्हणून शिवणीशिवणीवर दुमडत गेलं की तोही सपाट होतो, आणि तो ठेवण्यासाठी जपान्यांनी उथळ खणांची लाकडी कपाटं केली, घडीभोवती खास कागद गुंडाळायची रीत पाडली. ज्या मुलुखात कापड सरळ, तिथे पेटी आणि खण. जिथे शिंपी अंगाबरहुकूम कापतो, तिथे खुंटी आणि मग हँगर. पण युरोपातही शेकडो वर्षं कपडे लाकडी पेट्यांतच असत. घरोघरचा हँगर ही विसाव्या शतकातली गोष्ट, हे विसरलं की आपल्या आजीच्या ट्रंकेला उगाच मागासलेलं म्हणावंसं वाटतं.

त्या जुन्या घरात कपड्यांना जागा होत्या तरी किती? एक ट्रंक किंवा लाकडी पेटी, आढ्याला दोरांनी टांगलेली बांबूची दांडी, आणि भिंतीतल्या खुंट्या. खुंटी भिंत रचतानाच आत बसवत, मागून ठोकलेली मातीच्या भिंतीत टिकत नसे. तीनच जागा, पण त्यांची कामं वाटलेली होती. ट्रंकेत सणासुदीचं आणि पै-पाहुण्याला जायचं. दांडीवर रोजचं धुतलेलं, शिवाय वाकळा, गोधड्या. खुंटीवर आज अंगातून काढलेलं आणि उद्या पुन्हा घालायचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ट्रंक म्हणजे मुदत ठेव, दांडी म्हणजे बचत खातं आणि खुंटी म्हणजे खिशातली चिल्लर.

गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसानं हीच व्यवस्था सोबत नेली. शेजारच्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू असेच गिरणीत गेलेले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांचा जीव गेला. या मुलखाचं कापडाशी असलेलं नातं कपाटापुरतं नाही, एवढं सांगून पुढे जातो. गिरणगावातल्या एका खोलीत दहा-बारा माणसं पाळीपाळीनं झोपत. प्रत्येकाची भिंतीलगत एक ट्रंक, तिच्या वर एक खुंटी. पाळीवर जायचे कपडे खुंटीला, गावी यात्रेला जायचे कपडे ट्रंकेत, कुलपात. खुंटीवरचं सगळ्यांना दिसे, ट्रंकेतलं ज्याचं त्यालाच ठाऊक. प्रवासाला निघायचं तर घडीशिवाय गत्यंतर नसतंच. चैत्रात गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या घ्यायला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. आज या गावी आणि उद्या त्या गावी खेळ करणाऱ्या फडाच्या नऊवाऱ्या गाडीत चढतात त्या पेटीतूनच.

घडीचा तोटा म्हणजे चुणी, आणि चुणी का पडते हे कळलं की निम्मा वाद मिटतो. सुती धागा ओल धरतो. ओल असते तोवर त्याचे आतले बंध सैल असतात, आणि सुकताना धागा ज्या स्थितीत असेल तिथेच ते पुन्हा पक्के होतात. म्हणून पावसाळ्यात जरा दमट राहिलेला सदरा कप्प्यात दाबून ठेवला की आठवड्यानं त्याच्यावर कायमच्या वाटाव्यात अशा रेघा निघतात. इस्त्री हेच ज्ञान उलटं वापरते. तिच्यात ओल आणि दाबाला उष्णतेची जोड मिळते, एवढंच. कोळशाची इस्त्री घरात नव्हती तेव्हा तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडानं सदरा दाबत, नाहीतर पँट रात्रभर गादीखाली सरकवून ठेवत. पॉलिस्टर ओल पीत नाही, नेहमीच्या हवेत त्याला चुणी धरवत नाही. टेरिकॉट आलं तेव्हा घराघरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, तो याचसाठी. त्याला टांगा, दुमडा, कोंबा, काही म्हणणं नाही. (उन्हाळ्यात ते घालणाऱ्याचं म्हणणं वेगळं असेल.) ठेवायचं साधं सूत्र असं निघतं: सुती शर्ट, कुडते, गणवेश टांगावेत, टेरिकॉटसाठी दांड्यावरची जागा अडवू नये.

टांगण्याचाही तोटा आहे, तो लवकर दिसत नाही एवढंच. टांगलेला कपडा आपलं वजन स्वतःच पेलतो. मागावर विणलेल्या कापडात उभा आणि आडवा धागा एकमेकांना धरून असतात, ते वजन सोसतात. स्वेटर किंवा टी-शर्ट म्हणजे नुसत्या एकात एक अडकवलेल्या फासांची जाळी. ती वजनानं खाली ओघळते. महिनाभर हँगरवर राहिलेला स्वेटर बोटभर लांब होतो आणि दोन्ही खांद्यांवर हँगरच्या टोकांची शिंगं उमटतात. म्हणून अशा फासांच्या विणीचं जे जे काही, ते घडीतच. मारी कोंडो या जपानी बाईंनी २०१९च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर जगाला शिकवली ती घडी करून खणात उभी लावायची पद्धत अशाच कपड्यांना शोभते. वरून सगळे दिसतात, एक काढला तर बाकीचे जागचे हलत नाहीत. मात्र कडक खळ दिलेल्या धोतराला ती लावायला जाऊ नये.

पैठणीपाशी येऊन दोन्ही बाजूंची पंचाईत होते. हँगरवर टांगली तर जरीचा जड पदर खाली ओढत राहतो आणि सगळा भार दांड्यावरच्या एका रेघेवर येतो. घडीत वर्षानुवर्षं ठेवली तर त्याच त्या दुमडीवर जरीची तार मोडते, रेशीम विरतं, आणि एके दिवशी लग्नघरात साडी उलगडते ती बरोबर घडीवर चिरलेली. उपाय जुनाच आहे: घडी, पण सैल, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, तर धुतलेल्या मऊ मलमलीत, आणि दुमडीची जागा बदलत राहायची. पावसाळा संपून दसऱ्या-दिवाळीची कपाटं निघाली की पैठणी सावलीत पसरावी, वारा लागू द्यावा, मग गेल्या वेळी जिथे दुमडली होती ती जागा टाळून पुन्हा ठेवावी. डांबरगोळ्या ठेवायच्याच तर पुरचुंडीत, जरीपासून लांब. वेखंडाचा तुकडा किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला बरा. घोंगडीचंही असंच. कसर लागते ती अंधारात, न हलवलेल्या लोकरीला. दांडीवर पडून रोज हाताळल्या जाणाऱ्या घोंगडीला ती सहसा लागत नाही.

लोखंडी कपाट आलं आणि एका बाजूला कप्पे, दुसऱ्या बाजूला दांडा, मध्ये तिजोरी, असा तह झाला. लेकीच्या लग्नात ते कपाट देण्याची प्रथा पडली, इतका तो तह लोकांना पटला. त्यात ट्रंकेला जागा मिळाली, दांडीलाही मिळाली. खुंटी तेवढी राहून गेली. एकदा घातलेली, धुवायला टाकण्याइतकी न मळलेली पँट कुठे ठेवायची? घडी करून स्वच्छ कपड्यांत मिसळवत नाही, हँगरवर लावायला मन धजत नाही. ती खुर्चीवर जाते. तिच्यावर शर्ट, त्याच्यावर ओढणी. प्रत्येक घरात एक खुर्ची अशी असते जिच्यावर कोणी बसलेलं कित्येक दिवसांत दिसत नाही. याचं खापर मुलांच्या आळसावर फोडतात. मला तो सुताराच्या नकाशातला दोष वाटतो.

तेव्हा कळंबच्या त्या सुतारानं निम्मं-निम्मं करण्याआधी घरात काय काय आहे ते पलंगावर काढून पाहायला सांगावं. सरळ कापड किती, विणीचं किती, खांद्याचं किती, हे ढीगच सांगतील. सासूबाईंच्या बाजूला कप्पे, पण दोन कप्प्यांत हातभराहून जास्त अंतर नको, नाहीतर चळत उंच होते आणि खालची साडी वर्षानुवर्षं खालीच राहते. सुनेच्या बाजूला दांडा, आणि तिथे कपाटाची खोली आतून बावीस इंच तरी हवी. हँगर सतरा-अठरा इंचांचा, त्याच्या पुढे बाहीचा फुगार असतो. दीड फुटात दार त्या बाहीवर आपटतं. शर्टांच्या खाली दोन-अडीच फूट रिकामे उरतात, तिथे खण बसवावेत, सहा-सात इंचांचेच, टी-शर्ट, बनियन, मोजे यांच्यासाठी. आणि राहून गेलेल्या खुंटीच्या जागी हुक हवेत, पण दाराच्या आतल्या बाजूला नकोत, कारण तिथे ते दार लागू देत नाहीत. कपाटाशेजारच्या उघड्या भिंतीवर, हात पोचेल अशा उंचीवर, माणशी एक असे हुक ठोकून घ्यावेत. पोरांचे जरा खाली.